वावरातली ती अंडी डोंबारीची आहेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासवडजवळ कोरडवाहू वावर आहे. हरभरा निघाल्यापासून रान मोकळं पडलंय. तिथे एका मोठ्या ढेकळाच्या बुडाशी दोन ठिपकेदार अंडी दिसली. आसपास चिमणीपेक्षा लहान, पोटाखाली काळाकुट्ट असा पक्षी फिरतो. उन्हाळी नांगरट आठवड्यावर आली आहे. पक्षी कोणता, तो असा उघड्यावर अंडी का घालतो, आणि अंडी उचलून बांधावर ठेवली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण हाताशी दिवस थोडे आहेत. अंडी उचलू नका. बांधावर नाही, शेजारच्या सरीत नाही, हातभर अंतरावरसुद्धा नाही. या पक्ष्याला अंडी ओळखून शोधायची सवय नसते, त्याला जागा पाठ असते. ते ढेकूळ, त्याच्या शेजारचा तो खडा, ते वाळलेलं गवताचं ठोंब, एवढ्या खुणांवर तो परत येतो. अंडी दोन पावलं सरकली तरी ती त्याच्या लेखी हरवलीच. माणसाचा हात लागला की पक्षी अंडी टाकून जातो, असं आपल्याकडे घरोघर सांगतात, ते खरं नाही. पण वारंवार जाऊन पाहणं धोक्याचंच आहे. आपल्या पावलांचा माग धरून मुंगूस येतं, कुत्रं येतं, आणि आपण कुठे वाकून बघतो हे कावळा लांबून हेरतो.

आता पक्षी. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हा डोंबारी, म्हणजे डोंबारी चंडोल. दुसरा कुठला असण्याची शक्यता फार थोडी. चंडोलांच्या कुळातला हा लहानखुरा, बारा-तेरा सेंटिमीटर लांबीचा पक्षी. नराची डोई राखाडी, पाठ वाळूच्या रंगाची, गाल पांढरट. चोचीपासून डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी आणि हनुवटीपासून पोटापर्यंत सगळं काळं. चोच आखूड आणि जाड, दाणे फोडणारी. पाय इतके आखूड की चालताना तो जमिनीवर सरपटतोय असं वाटतं. मादी अगदी निराळी, सगळी मातकट. पहिल्यांदा बघणारा तिला चिमणीची मादी समजून सोडून देतो. ओळखायची सोपी युक्ती सांगतो: चिमणी टुणटुण उड्या मारत पुढे जाते, डोंबारी एकामागे एक पाय टाकत चालते, तुरुतुरु धावते. एकदा हे डोळ्यांत बसलं की शंभर पावलांवरूनही चूक होत नाही.

टिटवीची अंडी असतील का, अशी शंका येऊ शकते. टिटवीची अंडी बहुधा चार असतात, एका टोकाला निमुळती, निमुळती टोकं आत वळवून मांडलेली, आणि बरीच मोठी. डोंबारीचं अंडं जेमतेम पावणेदोन-दोन सेंटिमीटरचं. फिकट राखट रंगावर तपकिरी ठिपके आणि त्यांच्या आड धुरकट जांभळट छटा. संख्या दोन, कधी तीन. दोन म्हणजे कमी आहेत, एखादं चोरीला गेलं असेल, असं समजू नका. दोन हा त्याचा नेहमीचा आकडा आहे.

नाव डोंबारी का, ते विणीच्या दिवसांत अर्धा तास माळावर बसलात की कळेल. नर पंख थरथरवत उभा वर चढतो, तीस मीटरपर्यंतही जातो. वर पोचला की पंख मिटतो आणि डोकं खाली करून दगडासारखा सुटतो. आता आपटणार असं वाटतं, तेवढ्यात पंख उघडतो, त्याच वेगावर कमान घेऊन पुन्हा वर जातो, टोकाला पोचून पुन्हा सूर मारतो. लाटांसारखी ही वरखाली चालूच राहते आणि प्रत्येक सुरासोबत एक लांब ओढलेली, उतरत जाणारी शिट्टी ऐकू येते. शेवटी तो एखाद्या ढेकळावर किंवा दगडावर येऊन टेकतो आणि तिथेच नाहीसा होतो. हे नाहीसं होणं मला त्या कसरतींपेक्षाही मोठं वाटत आलंय. आकाशात असताना त्याचं काळं पोट मैलभरावरच्या मादीलाही दिसावं असं उठून दिसतं. जमिनीवर बसला की ते पोट खाली दडतं, वर उरते फक्त मातीच्या रंगाची पाठ. एकाच अंगावर मिरवायची बाजू वेगळी आणि लपायची वेगळी. तो घाबरून उडून जात नाही, जागेवर दबतो. आपण तीन-चार पावलांवर जाईपर्यंत तो आपल्या समोर असतो आणि दिसत नाही.

हा पक्षी भारतीय उपखंडाबाहेर कुठेही नाही. पाकिस्तान, भारत, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका एवढंच त्याचं जग. शास्त्रीय नाव एरेमॉप्टेरिक्स ग्रिसियस. ग्रिसियस म्हणजे राखाडी. या गटातले बाकीचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेत आहेत. आपल्याकडे आणखी एकच, काळ्या डोक्याचा, तो कच्छ आणि थरच्या रखरखाटात राहतो. शास्त्रात डोंबारीची नोंद झाली ती जिंजीवरून. फ्रेंच प्रवासी सोनरा यांनी १७८२ साली छापलेल्या प्रवासवर्णनात जिंजीचा चंडोल म्हणून त्याचं वर्णन केलं आणि त्या आधारे स्कोपोली यांनी १७८६ मध्ये त्याला लॅटिन नाव दिलं. राजाराम महाराजांची जिंजी ती हीच. पुरंदरच्या पायथ्याच्या वावरात बसलेल्या पक्ष्याची शास्त्रातली नोंद जिंजीवरून व्हावी, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

त्याला लागतं ते उघडं, कोरडं, सपाट रान. गवत असलंच तर विरळ आणि घोट्याखालचं. मुरमाड माळ, काढणी झालेली वावरं, नदीतली वाळू, गाडीवाटेची धूळ, किनाऱ्याजवळची सुकलेली खाजणं. सह्याद्रीच्या पूर्वेचा पर्जन्यछायेतला पट्टा म्हणजे त्याचं माहेर. सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, पुढे भिगवण, इंदापूर, आणि तिकडे नान्नज, रेहेकुरी. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य लोक चिंकारा बघायला म्हणून ओळखतात. पण फाटकातून आत शिरल्यावर पहिल्या शंभर पावलांत आधी भेटतो तो बहुधा हाच. दाट झाडी, उंच गवत, ओलीचिंब जमीन त्याला सोसत नाही. मुसळधार पावसाच्या भागातून पावसाळ्यात तो काढता पाय घेतो. विणीखेरीजच्या दिवसांत सैलसर थवे करून हिंडतो, दुपारी रस्त्याच्या फुफाट्यात धूळस्नान करतो. मोटार अगदी जवळ आली की थवा उठतो आणि दहा पावलांवर पुन्हा बसतो.

आता घरटं, जे तुम्हाला सापडलंय. घरटं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे काड्यांचा विणलेला वाडगा येतो. इथे तसलं काही नसतं. जमिनीत एक उथळ खळगा, चहाच्या बशीपेक्षाही लहान. कधी बैलाचा किंवा शेळीचा खूर उमटून झालेला आयता खळगाही चालतो. आत वाळलेलं बारीक गवत, केस, मेंढीच्या लोकरीची एखादी बट, पिसं. आणि कडेनं लहान लहान खडे किंवा मातीचे गोळे मांडलेले. पहिल्यांदा ही खड्यांची कड पाहिली तेव्हा ती वाऱ्यानं जमली असेल असं मला वाटलं होतं. नंतर मादी चोचीत खडा धरून आणताना पाहिली. ती कड नेमकी कशासाठी याची चर्चा पक्षीनिरीक्षकांत चालते. माझं मत असं की भुसभुशीत मातीत खळग्याची कड ढासळू नये आणि गवताचं अस्तर वाऱ्यानं उडू नये, हा त्यात मोठा भाग असावा.

जागा नेहमी कशाच्या तरी आडोशाला असते. ढेकूळ, दगड, गवताचं ठोंब. पण या आडोशावर फार भिस्त ठेवता येत नाही, आणि तिथेच या पक्ष्याची खरी कसोटी आहे. पुण्याच्या आसपास १३-१४ मेला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. तोच आपला शून्य सावलीचा दिवस. त्याच्या मागचे-पुढचे दोन आठवडे भर दुपारी ढेकळाची सावली अशी उरतच नाही. मुरमाड जमिनीचा पृष्ठभाग तेव्हा ५० अंशांच्या वर तापतो. अंड्यातल्या गर्भाला साधारण ३७-३८ अंश मानवतात. ४२-४३च्या पुढे काही वेळ गेला तर तो मरतो. म्हणजे या दिवसांत उबवणं म्हणजे ऊब देणं नव्हेच, अंडी थंड राखणं आहे. पक्षी अंड्यांवर दडपून बसत नाही. पाय ताठ करून, पंख किंचित सोडून, चोच उघडी ठेवून धापा टाकत अंड्यांवर उभा राहतो आणि आपल्या अंगाची सावली देतो. दिवसा नर आणि मादी आळीपाळीनं हे काम करतात, रात्री मादी बसते. नराचं काळं पोट अंड्यांवर आणि मातकट पाठ उन्हाकडे, हे दृश्य एकदा दुर्बिणीतून पाहिलंत तर त्याच्याविषयी वाटणारा आदर कायमचा राहील.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात त्या ढेकळाजवळ जाऊ नका. तुम्ही पाच मिनिटं फोटो काढत उभे राहिलात आणि पक्षी लांब जाऊन बसला, तर तेवढ्या वेळात अंडी शिजू शकतात. त्याला तुमची भीती वाटते म्हणून तो अंडी सोडतो, पण अंडी मरतात ती उन्हानं.

अंडी फुटायला साधारण तेरा-चौदा दिवस लागतात. पिल्लं आठ-दहा दिवसांत, नीट उडता येण्याआधीच, खळगा सोडतात आणि आसपासच्या ढेकळांत विखरून दबून बसतात. हे चंडोलांच्या कुळातच आहे. सगळी पिल्लं एका जागी राहिली तर एका मुंगसाच्या फेरीत सगळी जातात, विखुरली तर एखादं तरी वाचतं. म्हणजे अगदी कालच घातलेली अंडी धरली, तरी तुमचा हिशोब साडेतीन ते चार आठवड्यांपलीकडे जात नाही. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती किती दिवसांची होती हे बाहेरून कळत नाही, कदाचित निम्मा काळ सरलाही असेल.

सगळं वावर चार आठवडे थांबवा असं मी म्हणणार नाही. पाऊस कुणासाठी थांबत नाही, आणि ट्रॅक्टरवाल्याची पाळी गेली की गेली, हे मी जाणतो. घरट्याच्या चारी बाजूंना पंधरा-वीस फूट सोडा आणि ती जागा जवळच्या बांधाला जोडून एक पट्टा म्हणून राखा. नांगरलेल्या रानाच्या मधोमध एकटं बेट ठेवू नका. काळ्या ढेकळांत तेवढा एकच तुकडा निराळा दिसला की कुत्री थेट तिथे जातात. बांधाला लागून असलेला पट्टा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. नांगरट सकाळी लवकर उरका, म्हणजे आवाजाला बिचकून पक्षी दूर गेला तरी उन्हं तापायच्या आत परत येईल. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आदल्या दिवशी स्वतः जागा दाखवा, फोनवर सांगून भागत नाही. पट्टा नंतर कुळवाच्या एका पाळीत रानाला मिळून जातो.

आणि खूण करताना घरट्याजवळ काठी रोवू नका. ही चूक मी केलेली आहे. खूप वर्षांपूर्वी जेजुरीच्या बाजूला एका माळावर मेंढरं यायची होती, म्हणून मी घरट्यापासून हातभर अंतरावर बाभळीची फांदी रोवून तिला लाल चिंधी बांधली. मेंढपाळांनी ती पाहून कळप वळवला, आपल्या पायाखालचं सगळं त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर कावळा बसलेला होता आणि खळगा रिकामा होता. त्या उघड्या माळावर बसायला उंच जागा नव्हती, ती मी करून दिली. तेव्हापासून मी दोन साधे दगड दहा-दहा पावलांवर, घरटं त्यांच्या बरोबर मध्ये येईल असे ठेवतो. ते दगड फक्त मला कळतात.

लांबून पाहायचं असेल तर मात्र जरूर पाहा. चाळीस-पन्नास पावलांवर बांधाच्या झाडाखाली बसा, हलू नका. पक्षी सरळ घरट्यावर कधीच उतरत नाही. दूर कुठेतरी टेकतो, दाणे टिपल्यासारखं करतो, मग ढेकळांआडून धावत जातो. शेवटच्या काही फुटांत तो तुम्हाला हुलकावणी देईल. पिल्लं झाली की चोचीत नाकतोड्याची पिल्लं, अळ्या, लहान भुंगे दिसतील. मोठे पक्षी मुख्यतः गवताच्या आणि तणाच्या बिया खातात, पण पिल्लांना किडेच लागतात. तणनाशक आणि कीटकनाशक या दोन्ही फवारण्यांनी त्यांच्या ताटातलं काय काय जातं, हे यावरून लक्षात येईल. त्या पट्ट्याच्या बाजूच्या बांधावर महिनाभर फवारणी टाळता आली तर पाहा.

तो उघड्यावर अंडी का घालतो, हा प्रश्न राहिला. कारण तो जिथे राहतो तिथे उघडंच आहे. झाडावर घरटं करणाऱ्या पक्ष्याला झाड लागतं, आणि माळावर झाड म्हणजे कावळ्याची आणि कापशी घारीची टेहळणीची जागा. तिथे न दिसणं हाच एक कोट आहे. माळावरची कितीतरी मंडळी याच कोटात राहतात: टिटवी, धाविक, रातवा, पखुर्डी, बाकीचे सगळे चंडोल. माळढोकसुद्धा उघड्या जमिनीवरच अंडं घालतो, तेही एकच. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तीत आपल्या माळांवरच्या एका तुरेवाल्या चंडोलाचं वर्णन पहिल्यांदा आलं. त्याला आज साइक्सचाच चंडोल म्हणतात, आणि तोही जमिनीवरचाच. म्हणजे जाणत्या डोळ्यांना हे माळ दोनशे वर्षांपूर्वीही रिकामे दिसले नव्हते. सरकारी दप्तरात मात्र त्यांना पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की ते कुणीतरी भरून टाकायला निघतं. कुठे चर खोदून गिरिपुष्प लावतात, कुठे प्लॉट पाडतात, कुठे सौर पॅनेल. झाडं लावणारे हात भल्या हेतूनंच आलेले असतात, त्यांच्याशी माझं वैर नाही. पण विरळ गवताच्या माळावर दाट रोपं लावली की डोंबारी तिथून जातो. जायला पुढचा माळ असतो तोवरच तो टिकतो.

हा पक्षी आज धोक्यात नाही. जागतिक यादीत तो चिंता नसलेल्यांत मोडतो, आणि तुमच्या वावरातली दोन अंडी गेली म्हणून जात नष्ट होणार नाही. ही जोडी विणीचा मोसम असेतो कदाचित पुन्हाही घालेल, कारण ऋतुमान पाहून ती वर्षातले बरेच महिने वीण करते. तरीही कायद्याचं एक सांगतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी-घरटी छेडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. अंडी घरी आणून कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवणं त्यातच बसतं, आणि त्याचा उपयोगही नाही. पिल्लू फुटलं तरी त्याला दिवसभर किडे भरवणं आणि लपायला शिकवणं आपल्या हातचं नाही.

फोटो काढलाच असेल तर तो ठिकाणासह कुणाला पाठवू नका. उन्हाळ्यात कॅमेरे घेऊन माळावर येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सगळेच सावध नसतात. चांगला फोटो मिळावा म्हणून आडोशाचं गवत बाजूला सारलेली घरटी मी पाहिली आहेत, त्यांतलं एकही पुढे टिकलं नाही.

राखलेल्या पट्ट्यात नांगर घालायची वेळ येईल तेव्हा आदल्या संध्याकाळी नीट पाहा. खळगा रिकामा दिसला तरी लगेच ट्रॅक्टर लावू नका. कवचाचे तुकडे विखुरलेले, खड्यांची कड उधळलेली असेल तर घरटं बहुधा कुणीतरी लुटलंय. कड जागेवर, अस्तर दाबून बसलेलं आणि त्यावर कोंड्यासारखी पांढरट भुकटी दिसली तर पिल्लं निघून गेली आहेत. ती भुकटी त्यांच्या वाढत्या पिसांच्या वेष्टनांची असते. पण निघून गेली म्हणजे फार लांब गेली असं नाही. पहिले चार-सहा दिवस ती त्याच पट्ट्यात कुठेतरी ढेकळासारखी दबलेली असतात आणि इंजिनाचा आवाज आला की पळत नाहीत, आणखी दबतात. म्हणून शक्य असेल तर आठवडाभर थांबा. नसेल तर सकाळी ट्रॅक्टरच्या पुढे दोघं-तिघं सावकाश चालत जा आणि पाय टाकण्याआधी प्रत्येक ढेकूळ बघून घ्या. पिल्लू दिसलं तर ओंजळीत घेऊन बांधाच्या सावलीच्या बाजूला ठेवा. अंड्यांच्या बाबतीत मी नको म्हटलं ते इथे लागू नाही, कारण पिल्लू ओरडून आईबापांना बोलावू शकतं. ठेवून लगेच दूर व्हा, आणि मादी चोचीत काहीतरी घेऊन त्या बाजूला धावताना दिसली की मग ट्रॅक्टरला हात करा.